शिकागोची मोनॅडनॉक इमारत: आधी भिंतीला हात लावा

बांधकामाच्या साइटवर तीस वर्षं काढल्यामुळे कुठेही गेले तरी माझा हात आधी भिंतीवर जातो. डिअरबॉर्न स्ट्रीटवरच्या या इमारतीतही तेच झालं. जॅक्सन बुलेव्हार्डकडचा उत्तर भाग १८९१चा, बर्नहॅम आणि रूट या वास्तुविशारदांचा. सोळा मजल्यांचा भार विटांच्या भिंतींनी पेललाय, म्हणून तळाशी त्यांची जाडी तब्बल ६ फूट! खिडकीच्या खोल कोनाड्याशी उभी राहिले तेव्हा ती खरी कळली. बाहेरून नक्षी जवळपास नाहीच. भिंत पायाशी फाकते, माथ्याशी हलकेच बाहेर वळते, आणि तेवढ्यावरच देखणी दिसते. रूट त्याच वर्षी जानेवारीत गेले, याची हळहळ वाटते.

दक्षिण भाग १८९३चा, होलाबर्ड आणि रोश यांचा, पोलादी सांगाड्याचा. दोन वर्षांत बांधकामाची रीतच पालटली, आणि तो सांधा इथे एकाच छपराखाली बघायला मिळतो! जिन्यांना ॲल्युमिनियम वापरलंय; त्या काळी इमारतीत हा धातू दुर्मीळच.

तळमजल्यावर अजून दुकानं, वर कार्यालयं. वारसा म्हणून कुलूप न लावता ती वापरात ठेवलीय, हे मला सगळ्यात भावलं. तासभर राखून जा, आणि उत्तरेच्या दारानेच शिरा.