बाहेरच्या भिंतीची तपासणी: ड्रोन, झुला की परांची?

पणजी, ताळगाव, मडगावातल्या सात-आठ मजली सोसायट्यांत बाहेरून इमारत तपासून घ्यायचं ठरतं, कोटेशनं येतात आणि कमिटीचा डोळा सगळ्यात स्वस्तावर जातो. ते बहुधा ड्रोनचं असतं.

ड्रोन वाईट नाही. एका सकाळी टाकीखालची ओल, कठड्याची भेग, छज्जावर उगवलेला पिंपळ, सगळं फोटोत येतं. पण त्याला ऐकू येत नाही. गिलावा आतून सुटलेला असला तरी वरचा रंग शाबूत राहतो, त्यामुळे नुकतीच रंगवलेली इमारत फोटोत ठणठणीतच दिसणार. वास्कोवाल्यांना तर दाबोळी विमानतळ शेजारीच असल्यामुळे उड्डाणाची परवानगी हे वेगळंच लचांड.

झुल्यावरून (गच्चीवरून दोरांनी सोडलेला पाळणा) किंवा दोरीवरून उतरणारा माणूस हातोडीने ठोकत येतो. घट्ट गिलावा टणक वाजतो, सुटलेला बद्द. तिथे तो खडूने गोल काढतो. शंका आली की थोडं काँक्रीट फोडून फिनॉल्फथॅलीन शिंपडतात, म्हणजे अल्कधर्मी काँक्रीटवर गुलाबी होणारं रसायन. गुलाबी झालं नाही, तर सळईला गंजण्यापासून जपणारा काँक्रीटचा अल्कधर्म संपला. मात्र समुद्रकाठी गुलाबी रंगावर भुलू नका. खाऱ्या वाऱ्यातले क्लोराइड आत मुरले, की गुलाबी काँक्रीटमध्येही सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. म्हणून मिरामार-दोनापावलाच्या बाजूला काँक्रीटमधल्या क्लोराइडची चाचणी आणि हाफ-सेल चाचणी (आतली सळई गंजत असण्याची शक्यता विजेच्या दाबावरून जोखणारी) कोटेशनमध्ये मागून घ्याच.

परांची बांधायची ती दुरुस्ती ठरल्यावर. नुसत्या पाहणीसाठी बांबू उभारणं म्हणजे पैशांची नासाडी.

न्यूयॉर्कमध्ये 1979 साली इमारतीचा तुकडा पडून रस्त्याने जाणारी विद्यार्थिनी दगावली आणि 1980 मध्ये कायदा आला. आज तिथे सहा मजल्यांहून उंच इमारतीची दर पाच वर्षांनी तपासणी होते आणि शेरा तीनपैकी एक मिळतो: सुरक्षित, मुदतीत दुरुस्ती केल्यास सुरक्षित, असुरक्षित. असुरक्षित ठरली की पादचाऱ्यांवर तात्काळ छत उभारावं लागतं. रस्त्याकडची बाजू दुर्बिणीने पाहून भागत नाही, जवळ जावंच लागतं. मुंबईत 30 वर्षं झालेल्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, सक्तीचं आहे. पण समुद्राला तोंड करून उभ्या असलेल्या इमारतीने तिशीची वाट बघू नये, असं माझं मत.

माझा कौल असा: रस्ता, पार्किंग आणि मुलं खेळतात त्या बाजूंना झुला, उरलेल्या भिंतींना ड्रोन. अहवालात वरचे तीन शेरे मागा, मधल्या शेऱ्यापुढे तारीखही. सही स्ट्रक्चरल इंजिनिअरची हवी, आणि तो पुढे दुरुस्तीचं कंत्राट घेणाऱ्याचाच माणूस नको, नाहीतर प्रत्येक भेग 'गंभीर' निघते. तपासणी गणेशाची चवथ उरकून पाऊस ओसरला की लावा. ओलीचे डाग तेव्हा ताजे असतात.