आर्म जीएनयू टूलचेन काही महिने वापरल्यावर: बिन काढताना येणाऱ्या वॉर्निंग

एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलर चिपच्या कामासाठी आर्म जीएनयू टूलचेन १२.२, म्हणजे आर्म चिपसाठी कोड बिल्ड करणाऱ्या टूल्सचा संच, बरेच महिने रोज वापरतोय. कंपायलर उत्तम आहे. लिहायचंय ते बिल्डच्या शेवटी येणाऱ्या वॉर्निंगबद्दल, कारण बरेच जण बिन (चिपमध्ये टाकायची बाइनरी फाइल) तयार झाली ना मग झालं, असं म्हणून पुढे जातात.

सगळ्यात जास्त दिसते ती 'लोड सेगमेंट विथ आरडब्ल्यूएक्स परमिशन्स'. ही बिनयुटिल्स (कोडचे तुकडे जोडणारा लिंकर वगैरे टूल्स) २.३९ पासून, म्हणजे २०२२ पासून यायला लागली, कोडला हात लावला नसला तरी येते. होतं काय की इनिट-अ‍ॅरेसारखे (सुरुवातीला चालवायच्या फंक्शनची यादी ठेवणारे) सेक्शन रायटेबल असतात आणि ते फ्लॅशमध्ये कोडच्याच सेगमेंटला जाऊन बसतात, मग लिंकरला अख्खा सेगमेंट लिहिता येणारा आणि चालवताही येणारा दिसतो. बिनमध्ये नुसते बाइट जातात, परमिशन नाहीत, त्यामुळे बोर्डवर फरक पडत नाही. तरी फ्लॅग टाकून ती दाबू नका, लिंकर स्क्रिप्टमध्ये त्या सेक्शनना रीडओन्ली लावा.

दुसरी '_राइट इज नॉट इम्प्लिमेंटेड'वाली. प्रिंटएफ वापरत असाल तर यूआर्टवर (चिपच्या सिरीयल पोर्टवर) पाठवणारं _राइट फंक्शन स्वतः लिहा, नाहीतर आउटपुट कुठेच दिसणार नाही.

या दोन्ही साफ करा म्हणतोय ते तिसरीसाठी. 'कॅननॉट फाइंड एंट्री सिंबल रीसेट हँडलर'! स्टार्टअप फाइल (चिप सुरू होताना चालणारा पहिला कोड) लिंक झाली नाही की ही येते आणि लिंकर एरर न देता डीफॉल्ट पत्ता धरून पुढे जातो, त्यात जीसी-सेक्शन्स (न वापरलेला कोड काढून टाकणारा पर्याय) चालू असेल तर कोणी बोलवत नाही म्हणून कोडही उडवला जातो, आणि बिन तरीही बनते. या चिपमधल्या कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसरला पहिल्या चार बाइटमध्ये स्टॅक पॉइंटर आणि पुढच्या चारमध्ये रीसेटचा पत्ता लागतो, तेच नसेल तर बोर्ड सुरू कसा होणार? आधीच्या दोघींच्या गर्दीत ही ओळ डोळ्यांना दिसतच नाही. बाकी सगळं साफ असलं की लिंकरला फेटल-वॉर्निंग्ज देता येतं आणि बिल्ड जागीच थांबतो. माझ्या मते हे प्रत्येक प्रोजेक्टमध्ये पाहिजेच.

एका बाबतीत मात्र टूलचेन कमी पडतं. डेटा सेक्शनला फ्लॅशचा लोड पत्ता द्यायचा राहिला तर ऑब्जकॉपी (बिन काढणारं टूल) फ्लॅशच्या ०८०००००० पासून रॅमच्या २००००००० पर्यंतची (हे हेक्स पत्ते) सगळी पोकळी भरते, बिन ३८४ एमबीच्या वर जाते, आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. ६४ केबी फ्लॅशच्या चिपसाठी! म्हणून मेकफाइलमध्ये ऑब्जकॉपीनंतर बिनची साइज तपासणारी ओळ स्वतःच टाकावी लागते.