वणव्यांची जागतिक मॉडेलं: नऊ महिने वापरल्यानंतर

गेले नऊ महिने माझं रोजचं काम एकच. आग कुठे, कधी, किती लागेल याचं गणित मांडणाऱ्या संगणकी मॉडेलांनी काढलेलं जळीत क्षेत्र एका बाजूला, उपग्रहांनी टिपलेलं दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही ताडून पाहायचं. 'फायरमिप' या तुलना प्रकल्पातली मॉडेलं मी यासाठी घेतली. कोणी ती वापरणार असाल तर आधीच सांगते: आग कुठे लागते हे त्यांना छान कळतं, कधी लागते हे जेमतेम, आणि अमुक वर्षी किती जळेल यासाठी त्यांच्यावर विसंबू नका.

सरासरीचा नकाशा पहिल्यांदा उघडला तेव्हा मी खरंच हरखले होते. आफ्रिकेतले सव्हाना, उत्तर ऑस्ट्रेलिया, सगळं जागच्या जागी. वाळवंटात जळायला काही नाही, वर्षावनात ओल हटत नाही, अधल्यामधल्या गवताळ पट्ट्यात आग. एवढं गणित मॉडेलांना पक्कं येतं.

मग मी सहाराच्या दक्षिणेची एकच चौकट घेऊन महिनावार आलेख काढला. उपग्रहाची रेषा डिसेंबर-जानेवारीत उंच जाते आणि झपाट्याने उतरते. मॉडेलाची रेषा उतरायलाच तयार नाही, पाऊस येईपर्यंत रेंगाळते. प्रत्यक्षात तिथली माणसं हंगामाच्या सुरुवातीलाच पट्ट्यापट्ट्याने गवत जाळून घेतात, त्यामुळे पुढे आगीला सलग गवत मिळत नाही. बऱ्याच मॉडेलांत मात्र माणूस म्हणजे लोकसंख्येची घनता, फार तर जोडीला दरडोई उत्पन्न.

सगळं घोडं इथेच अडतं. 1998 ते 2015 या काळात जगातलं जळीत क्षेत्र सुमारे 24 टक्क्यांनी घटलं. शेती वाढली, गुरं वाढली, गवताळ जमिनीचे तुकडे पडले. बहुतेक मॉडेलांना ही घट नीट दाखवता आली नाही. जो बदल उपग्रहातून इतका ठळक दिसतो तोच निसटत असेल, तर 2100 सालच्या आकड्यावर मी माझं नाव घालणार नाही.

टोकाच्या वर्षांत तर निराशाच. 2015 साली इंडोनेशियात कालवे काढून कोरडी केलेली पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या थरांची जमीन एल निनोच्या दुष्काळात आठवडेच्या आठवडे धुमसत होती. बहुतेक मॉडेलांत पीट जळतच नाही, त्यामुळे तो धूर त्यांच्या हिशेबात येत नाही. 2019-20 चं ऑस्ट्रेलिया, 2023 चं कॅनडा, तिथेही हाच अनुभव.

एक चूक माझीही झाली. एक मॉडेल 'फार जाळतं' म्हणून मी बाजूला ठेवलं होतं. नंतर जीफेड या, उपग्रहांवरून जगभरचं जळीत क्षेत्र मोजणाऱ्या नोंदसंचाची पाचवी आवृत्ती हाती आली. तिच्यात 2001 ते 2020 ची सरासरी वर्षाला 77.4 कोटी हेक्टर आहे, आधीच्या आवृत्तीपेक्षा 61 टक्के जास्त. 500 मीटरच्या पिक्सेलमध्ये न दिसणाऱ्या छोट्या आगी, विशेषतः शेतातल्या, तिच्यात मोजल्या आहेत. ते मॉडेल मी परत घेतलं आणि तीन महिन्यांचे आलेख नव्याने काढले.

आता पीटचे भाग वगळूनच तुलना करते. सगळ्या मॉडेलांची सरासरी घेणं सोडलंय, कारण एकाचा चढ आणि दुसऱ्याचा उतार मिळून सपाट रेषा येते आणि ती उगाच विश्वासार्ह वाटते.