कोशर प्रमाणपत्र: कांदा पास, वेफर्स अडकतात

जळगाव-रावेर पट्ट्यातून सुकवलेला कांदा किंवा केळीची भुकटी परदेशी पाठवायची म्हटली, की बरेच खरेदीदार भावाआधी कोशर प्रमाणपत्र मागतात. ज्यू धर्माच्या खाण्यापिण्याच्या नियमांत माल बसतो, असं लिहून देणारी ही सेवा. पैसे वसूल होतात का? कांद्यात नक्की. केळीच्या वेफर्सच्या बाबतीत आधी कढई आणि मसाल्याचा ड्रम बघावा लागेल.

रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू येतो, मंत्र म्हणतो आणि माल पवित्र होतो, असा समज आपल्याकडे सर्रास आहे. प्रत्यक्षात तो बॉयलरच्या पाइपांचा माग काढतो आणि गोडाऊनमधल्या पिंपांवरची लेबलं वाचतो. त्याआधी अर्जासोबत दोन याद्या जातात: कारखान्यात येणारा प्रत्येक घटक आणि बाहेर पडणारं प्रत्येक उत्पादन. ओयू (ऑर्थोडॉक्स युनियन) ही अमेरिकेतली प्रमाणपत्र संस्था त्यांना शेड्यूल ए आणि बी म्हणते. पहिल्या यादीत तेलातला फेस मारणारं द्रव्य आणि भुकटी गोळा होऊ नये म्हणून घालायची पावडरसुद्धा येते. तेल असो की पावडर, प्रक्रिया केलेल्या घटकाला पुरवठादाराचं चालू मुदतीचं कोशर पत्र लागतं. फाइल रखडते ती इथेच. पुढे पाहणी, करार आणि वर्षभराचं पत्र. नंतर न सांगताही माणूस टपकतो.

कांद्याला या धर्मशास्त्रात स्वतंत्र मान आहे. तो ‘दावार खारीफ’, म्हणजे झणझणीत वस्तू. मटणाच्या सुरीने चिरला तर पात्यातला अंश ओढून घेतो, म्हणून तो मटणाच्या बाजूचा धरतात, आणि मांस-दूध एकत्र खायचं नसल्याने दह्यादुधाबरोबर चालत नाही. आपल्या स्लायसरवर कांदा-लसणाशिवाय काही चिरत नसतील तर प्रश्नच मिटला. पुढे नुसत्या गरम हवेवर वाळवण. माल ‘पारेव्ह’ ठरतो: ना दुधाचा, ना मांसाचा. मात्र निवडणीच्या पट्ट्यावर किडीकडे लक्ष हवं; अख्खा किडा हजारात एक असला तरी माफ नाही.

केळीचं आणखी सोपं. झाडाची पहिल्या तीन वर्षांची फळं खायची नाहीत असा नियम आहे, पण केळ हे त्यांच्या शास्त्रात झाडच नाही. घड उतरला की खोड संपलं, म्हणून ते जमिनीचं पीक. रावेरच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

वेफर्सचं घोडं अडतं तेलात. पामतेल ज्या टाकीतून आलं तिच्यात आधी प्राण्यांची चरबी होती का, इथपर्यंत चौकशी होते. ‘क्रीम अँड ओनियन’ मसाल्यात दुधाची पावडर असते. तो एकदा ड्रममध्ये फिरला की पुढचा साधा खारा मालही पारेव्ह राहत नाही. ड्रम वेगळाच ठेवा, धुऊन-पुसून तोच दोन्हीकडे वापरायची काटकसर इथे चालत नाही. जुनी कढई शुद्ध करायची तर कडेचा लाखेसारखा जळका थर आधी पूर्ण खरवडायचा, 24 तास ती वापरायची नाही, मग काठोकाठ पाणी खळखळ उकळायचं. थर राहिला तर उकळणं फुकट. शिवाय कच्ची केळी कोणी तशीच खात नाही, म्हणून ‘परधर्मीयाने शिजवलेलं चालत नाही’ हा मुद्दा निघतो. पदार्थ राजाच्या पंगतीत वाढण्याजोगा असेल तरच तो लागू होतो. वेफर्स त्या पंगतीतले की नुसतं चटरमटर, ही चर्चा बटाट्याच्या वेफर्सवरही झाली आहे.

बॉयलर सामाईक असेल तर वाफेचं पाणी परत कुठे जातं ते विचारतात. शेजारी दुधाची लाइन असेल आणि तिचं पाणी त्याच टाकीत येत असेल, तर कांद्याची लाइनही गोत्यात.

पिशवीवर प्रमाणपत्र संस्थेच्या चिन्हाशेजारी ‘पी’ छापताना सांभाळा. तो पारेव्हचा नाही, वल्हांडण या ज्यू सणाचा म्हणजे पेसाखचा आहे, ‘डी’ दुधाचा. भुकटीत मक्याचा स्टार्च असेल तर ‘पी’ विसरा. युरोपीय वंशाचे अश्केनाझी ज्यू त्या दिवसांत मका, तांदूळ, डाळी टाळतात. कोकणातले आपले मराठी ज्यू, बेने इस्रायल, मात्र भात खातात. अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या समितीने 2015 साली अश्केनाझींनाही मोकळीक दिली, पण परंपरा काटेकोर पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स पंथाच्या संस्था ती मानत नाहीत, आणि मोठ्या प्रमाणपत्र संस्था ऑर्थोडॉक्सच आहेत.

संस्था निवडताना स्वस्ताच्या मागे लागू नका. नुसत्या ‘के’ अक्षरावर कोणाची मालकी नाही, ते कोणीही छापू शकतो. ओयू, ओके, स्टार-के, कॉफ-के यांची चिन्हं नोंदलेली आहेत. कोणतं चालेल ते खरेदीदाराकडून लेखी घ्या.

तारखांचंही बघा. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत फोन लागणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सणांची रांग असते, आणि पेसाख येतो मार्च-एप्रिलमध्ये, आपल्याकडे कांदा वाळवण्याची धांदल असते तेव्हाच.