तीन डब्यांचा कुकर : कापूस वेचणीचा अख्खा सीझन वापरून सांगते

मागच्या दिवाळीच्या आधी घेतला हा कुकर. 5 लिटरचा, स्टीलचा, आत एकावर एक बसणारे तीन डबे. तालुक्याच्या भांड्यांच्या दुकानात 2350 रुपये पडले. वर्ष होत आलं, रोज सकाळी गॅसवर चढतेच, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही, चार दिवस वापरून लिहिलेलं कोणाच्या कामाचं नसते.

आधी घरचं सांगते म्हणजे अंदाज येईल. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, पाच माणसं, कापूस अन् तूर. वेचणी लागली की सकाळी साडेआठच्या आत वावरात पोचावं लागते, पोरांची शाळा त्याच्याच मागेपुढे, सासूबाईंना वरण-भात पाहिजेच, आणि दोन बर्नरच्या शेगडीतला एक तर तव्यानंच अडलेला. मग उरलेल्या एका बर्नरवर आधी वरण मग भात मग भाजी असं एकामागे एक लावत बसलं तर दीड तास कुठं गेला समजत नाही. आता पोळ्या लाटून होईस्तोवर कुकर उतरलेला असते, खालच्या डब्यात डाळ, मधल्यात भात, वरच्यात आलू नाहीतर वांगे, पुढं फक्त फोडणी राहते.

पण पहिल्या आठवड्यात मी हैराण झाली होती, हे लपवत नाही. तेव्हा भात खाली अन् डाळ वर ठेवली होती, डाळ भिजवलेली पण नव्हती. झाकण उघडून दाणा बोटात दाबून पाहिला तर वरून मऊ आणि मधात टणक पांढरा ठिपका तसाच. बाहेर शाळेचा ऑटो हॉर्न देऊन राहिला, अन् मी डाळ वापस चढवून राहिली. पोरं त्या दिवशी दही-पोळी घेऊन गेली, मला दिवसभर वावरात वाईट वाटत राहिलं. तेव्हापासून सकाळचा चहा ठेवला की त्यातलंच थोडं गरम पाणी आधी तुरीच्या डाळीवर ओतते. अर्धा तास भिजली की खालच्या डब्यात लोण्यासारखी होते. चिमूटभर हळद, दोन थेंब तेल टाकायचं, त्यानं फेस वर येत नाही. डबा अर्ध्याच्या वर भरायचा नाही. भाताला एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, आमच्याकडे तेवढंच बरोबर पडते.

दुसरी गोष्ट पाण्याची, ही इकडच्या बायांनी नक्की लक्षात ठेवा. आमच्या बोअरचं पाणी जड, त्यात डाळ शिजता शिजत नाही, कितीही शिट्ट्या घ्या. म्हणून डाळीच्या डब्यात प्यायचं कॅनचं पाणी घालते आणि कुकरच्या बुडाशी दोन ग्लास बोअरचं. त्या बुडाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल नाहीतर चिंचेचं एक बोटूक टाकलं की आतून पांढरे डाग धरत नाहीत. माझा आधीचा कुकर ॲल्युमिनियमचा होता, तो याच पाण्यानं काळा पडत होता, तिथंही हीच युक्ती चालत होती.

शिट्ट्या मोजत बसू नका असं मी सगळ्यांना सांगून राहिली. साध्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी 100 डिग्रीला उकळते, कुकरात दाब चढला की जवळपास 120 पर्यंत जाते, आणि शिट्टी म्हणजे फक्त जास्तीची वाफ बाहेर पडली एवढंच. मोठ्या गॅसवर सहा शिट्ट्या घेतल्या तरी आत उष्णता वाढत नाही, गॅस मात्र जाते. पहिली शिट्टी झाली की आच एकदम बारीक करायची, 12 मिनिटं, मग बंद, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. सिलेंडर पहिलेपेक्षा चार-पाच दिवस जास्त पुरते माझ्या घरी.

सासूबाई सुरुवातीला म्हणत, "बाई, कुकरच्या वरणाले चव नाई येत." त्यांचं खोटं नव्हतं, गंजातलं चुलीवरचं वरण ते वेगळंच. पण वरून लसणाची, जिऱ्याची, लाल मिरचीची कडक फोडणी आणि भरपूर सांबार (कोथिंबीर) टाकला की आता त्या ताट चाटून पुसून घेतात. डाळ मी मुद्दाम दुप्पट लावते. अर्धी सकाळचं साधं वरण, उरलेली घट्टच फ्रीजमधे. संध्याकाळी वावरातून आल्यावर भेद्रं (टमाटे), गूळ, चिंच, थोडा गोडा मसाला घातला की दहा मिनिटांत आंबट वरण, सोबत भाकर अन् जवसाची चटणी. वरच्या डब्यातले वांगे सोलून कांद्याची पात घालून भरीत करते, चुलीत भाजल्याचा धूर त्याला नाही येत, पण वेचणीच्या दिवसांत हेच मोठं.

आता वाईट सांगते. रबर आठ महिन्यांत ढिलं पडलं. एक दिवस शिट्टीच होईना, बाजूनं वाफ सुटत होती, मी पोळ्यांत गुंतलेली, आणि एकदम तापलेल्या लोखंडासारखा वास आला. बुडाचं पाणी आटलं होतं. गॅस बंद केला म्हणून वाचलं. दुकानात गेली तर वॉरंटी कार्डावर शिक्काच मारलेला नाही म्हणून हात वर केले, नवीन रबर पदरच्या पैशानं. शिक्का मारून द्यायचं काम त्यांचं होतं, मला तेव्हा माहीत नव्हतं, याचा राग अजून आहे. डबे उचलायची कडी पण बारीक आहे, गरम डबे काढताना हात थरथरते, सांडशी जवळ ठेवाच.

घेणार असाल तर उंच अन् अरुंद कुकर घ्या, पसरट हंडीत तीन डबे बसत नाहीत. सात-आठ माणसं असतील तर 5 लिटर पुरणार नाही. आयएसआयचा शिक्का पाहूनच घ्या, 1 फेब्रुवारी 2021 पासून घरगुती कुकरवर तो बंधनकारक आहे, तरी आठवडी बाजारात बिनशिक्क्याचे दिसतातच. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर जागेवर खिळा-स्क्रू ठोकू नका, त्याच कंपनीचा नवीन आणा. रबर मी आता रोज रात्री काढून धुवून खुंटीला टांगते, नवीन रबराला चार महिने झाले, अजून घट्ट आहे.