बीस्टार्स: वाघ-शेळी एकाच मेसमध्ये, प्रेक्षक मात्र दोन टोकांना

माणसांसारखे कपडे घालणारे, शाळेत जाणारे, नाटक बसवणारे प्राणी म्हटलं की आपल्याकडे आधी इसापनीती आठवते, नाहीतर मुलांचा कार्टून चॅनल. 'बीस्टार्स' ही नेटफ्लिक्सवरची जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) मालिका तशा अपेक्षेने लावली तर पहिल्या दोन मिनिटांतच दचकायला होतं. रात्रीची रिकामी शाळा, जीव घेऊन पळणारा टेम नावाचा अल्पाका, आणि त्याला फाडून खाणारा कोणीतरी मांसाहारी विद्यार्थी. खुनी कोण हे कळायला दुसरा सीझन उजाडतो. मधल्या वेळात मालिका रहस्यकथा बाजूला सारून बुजऱ्या लांडग्याच्या प्रेमात शिरते. बरेचसे नाराज प्रेक्षक इथेच तयार होतात. खुनाचा तपास बघायला बसलेल्यांच्या पदरी होस्टेलमधली घालमेल पडते. गोड प्रेमकथेच्या आशेने आलेल्यांना काळ्या बाजारात बोटं विकणारा म्हातारा भेटतो.

हे परीक्षण पहिले दोन सीझन आणि शेवटच्या सीझनचा पहिला भाग, असे 36 एपिसोड धरून आहे. थोडक्यात निकाल हवा असेल तर: पहिला सीझन जरूर बघा, दुसरा सवडीने बघा, आणि पुढचं लेगोशीत, म्हणजे त्या बुजऱ्या लांडग्यात, जीव अडकला असेल तरच.

मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, पारू इतागाकी यांची. ती 2016 ते 2020 या काळात 'वीकली शोनेन चॅम्पियन' या साप्ताहिकात आली, 22 खंड भरले आणि 2018 चा मांगा ताइशो पुरस्कारही तिला मिळाला. (बाई लोकांसमोर येतात त्या कोंबडीचा मुखवटा घालून. मालिकेतली लेगोम ही कोंबडी बघताना हे आठवलं की गंमत वाटते.) ॲनिमे ऑरेंज स्टुडिओने केली, दिग्दर्शक शिनइची मात्सुमी. पहिला सीझन जपानमध्ये ऑक्टोबर ते डिसेंबर 2019 मध्ये दर आठवड्याला एक एपिसोड असा आला. बाहेरच्या जगाला तो नेटफ्लिक्सवर 13 मार्च 2020 रोजी सगळाच्या सगळा एकदम मिळाला. दुसऱ्याचं तसंच झालं: तिकडे मार्च 2021 ला संपला, आपल्याकडे जुलैत पोचला. या अंतरामुळे खुनी कोण, शेवटी काय होतं, हे कित्येकांना मालिका बघायच्या आधीच कळून चुकलं होतं. दुसऱ्या सीझनला मिळालेल्या थंड प्रतिसादातला थोडा वाटा या उशिराचाही आहे.

सगळ्यात मोठा वाद संगणकावर केलेल्या थ्रीडी चित्रणाचा. ॲनिमेच्या जुन्या प्रेक्षकाला थ्रीडी म्हटलं की कळसूत्री बाहुल्यांसारखी ताठ माणसं आठवतात, आणि तो ट्रेलरवरच नाक मुरडतो. इथे मात्र थ्रीडी निवडण्यामागे रोकडं कारण आहे. लांडगा, सांबरशिंगी हरीण, ससा, पांडा, गरुड, कोंबडी अशा डझनावारी जातींची डोकी एकाच वर्गात बसलेली दाखवायची, आणि प्रत्येक कोनातून जबड्याचं, कानांचं, शिंगांचं माप तेच राहिलं पाहिजे. लांबट थोबाड हातानं काढताना समोरून एक आणि तिरक्या कोनातून दुसरंच दिसू लागतं. मॉडेल एकदा नीट बनलं की ही कटकट संपते, आणि ॲनिमेटरचा वेळ अभिनयाला मिळतो. लेगोशीचं पोक, खिशातले हात, हारू ही सशीण जवळ आली की मागे पडणारे कान, तोंडाने 'काही नाही' म्हणत असताना पाठीमागे हलणारी शेपटी, हे सगळं बघण्यासारखं आहे. केस एकेक न दाखवता कडा आणि सावल्यांवर भागवलंय, ते बरंच झालं. प्रत्येक केस चमकला असता तर हे प्राणी खेळण्यांच्या दुकानातले वाटले असते.

कमी कुठे पडतं? गर्दीत. मेसच्या आणि रस्त्याच्या दृश्यांत मागची मंडळी लाकडी चालतात, काही नुसतीच उभी असतात. धावपळीच्या मारामारीत वजन जाणवत नाही, लांडगा अस्वलाएवढ्या गड्यावर आदळतो तरी धक्का पोचत नाही. दुसऱ्या सीझनमध्ये मारामाऱ्या वाढतात, म्हणून हा दोष तिथे जास्त खुपतो. पहिल्या सीझनमध्ये कथा मुळात दोन जण बाकावर बसून बोलण्याची असल्याने तो झाकला जातो. थ्रीडीची भीती असेल तर दोन एपिसोड द्या. डोळ्याला सवय झाली नाही तर पुढेही होणार नाही, उगीच ओढत बसू नका.

ओपनिंगबद्दल मात्र वाद ऐकू येत नाही. पहिल्या सीझनचं 'वाइल्ड साइड' हे अली या बँडचं गाणं, आणि त्यावरचं चित्रण ड्वार्फ स्टुडिओच्या बाहुल्यांचं स्टॉप-मोशन. लांडगा आणि सशीण नाचतात, आणि नाचात शिकार कधी मिसळते ते कळत नाही. पुढच्या बारा एपिसोडचा मसुदा त्या दीड मिनिटात आहे. नेटफ्लिक्स 'स्किप इंट्रो'चं बटण पुढे करेल, निदान पहिल्यांदा तरी त्याला हात लावू नका. दुसऱ्या सीझनला योआसोबीचं 'काइबुत्सु' आहे. गाणं म्हणून तेच जास्त गाजलं, चित्रण मात्र पहिल्याच्या पासंगाला पुरत नाही. पार्श्वसंगीत सातोरू कोसाकी यांचं.

आता मुख्य भांडणाकडे. या जगात मांस खाणं गुन्हा आहे. मांसाहारी विद्यार्थी सोया आणि अंड्यांवर जगतात. अंडी घालणं हा कोंबड्यांचा पार्टटाइम धंदा. लेगोशी दर बुधवारी आवडीने अंड्याचं सँडविच खातो, आणि ते अंडं आपल्याच वर्गातल्या लेगोमचं आहे हे त्याला ठाऊक नसतं. तिला मात्र त्याच्या शेऱ्यावरून त्या आठवड्याचा माल कसा होता ते कळतं. हा छोटा प्रसंग संपूर्ण मालिकेतल्या उत्तम लेखनाचा नमुना आहे: विनोदी, किंचित किळसवाणा, आणि त्या जगाचा हिशेब चोख मांडणारा. दोन मीटरच्या वर वाढलेल्या अस्वलांना ताकद मारणारं औषध घेण्याची सक्ती, शहराच्या पोटात सगळ्यांना माहीत असलेला पण कोणी उच्चारत नाही असा काळा बाजार, तिथे मांसाची चटक लागलेल्यांवर उपचार करणारा गोहिन हा पांडा. असे तपशील जिथे आहेत तिथे मालिका पकड घेते.

हे सगळं रूपक आहे, असं धरून बघणारे सर्वांत जास्त वैतागतात. मांसाहारी म्हणजे कोण? वंशभेदाचे बळी? पुरुष? श्रीमंत? कुठलंही उत्तर घ्या, चार एपिसोडनंतर ते गळून पडतं. भेदभावाच्या गोष्टीत ज्याला घाबरतात तो निरपराध असतो, इथे लांडग्याचे दात खरे आहेत आणि भीतीही रास्त आहे. मराठी प्रेक्षकाला 'शाकाहारी कुटुंबांनाच घर देणे आहे' अशा सोसायट्या हटकून आठवतील. तीही तुलना फार पुढे जात नाही. आपल्याकडचं भांडण दोन जेवणाऱ्यांमधलं असतं, इथे शेजारीच ताटातला पदार्थ आहे. त्यामुळे 'मालिकेला नेमकं म्हणायचं तरी काय?' हा आक्षेप रूपकापुरता शंभर टक्के खरा आहे, आणि दुसऱ्या सीझनपासून लेखनही त्यात अडखळतं.

पण तीच गोष्ट भूक आणि लाज यांची म्हणून बघितली तर पहिला सीझन कुठेही सैल नाही. पहिल्या एपिसोडच्या शेवटी अंधारात लेगोशी हारूला पकडतो. पुढे ती त्याला आवडू लागते, आणि आपल्याला ती आवडते की तिचा वास, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नाही. हारू ही ॲनिमेतली नेहमीची लाजरी नायिका नव्हे. सगळे तिला काचेच्या भांड्यासारखं जपतात, आणि मुलांशी शय्यासोबत केली की तेवढ्या वेळापुरतंच कोणीतरी तिला बरोबरीचं मानतं, म्हणून ती ते करते. हे ती स्वतः स्पष्ट सांगते. यावरून काही प्रेक्षकांनी तिच्यावर राग काढला. तो राग पटत नाही, कारण शाळेतल्या मुली तिच्याशी जे वागतात तेच हे प्रेक्षक करतात. लुई या हरणाचं लेखन तर त्याहून सरस. नाटक मंडळाचा देखणा, उद्धट नायक, आणि तळपायावर लहानपणी विक्रीसाठी डागलेला आकडा.

दुसऱ्या सीझनवरचे आक्षेप जास्त तांत्रिक आहेत आणि बहुतेक बरोबर आहेत. खुनी कोण हे नायकाच्या आधी प्रेक्षकाला सांगून टाकलंय. त्याने रहस्य संपतं, आणि त्या बदल्यात मिळायला हवा तो ताण फक्त पिना या मेंढ्याच्या दृश्यांत मिळतो. हारू जवळजवळ पडद्याआड जाते. लुईचा शिशीगुमी या सिंहांच्या टोळीतला प्रवास स्वतंत्रपणे उत्तम आहे, विशेषतः इबुकी या सिंहाबरोबरचा, पण तो आणि होस्टेलमधला तपास या दोन मालिका शेजारीशेजारी चालल्यासारख्या वाटतात. शेवटच्या मारामारीत एक पात्र दुसऱ्याला स्वतःच्या शरीराचा तुकडा खाऊ घालतं. काहींना तो मैत्रीचा कळस वाटतो, काहींना निव्वळ विकृती. कथेच्या तर्कात ते बसतं, पण तिथवर पोचायला जेवढी तयारी लागते तेवढी बारा एपिसोडमध्ये झालेली नाही.

मग साडेतीन वर्षांची सुट्टी. शेवटच्या सीझनचा पहिला भाग 5 डिसेंबर 2024 रोजी आला तोवर अर्धी पात्रं लोकांच्या लक्षात नव्हती, आणि नेटफ्लिक्सवरची आधीची झलक दोन ओळींच्या पुढे मदत करत नाही. लेगोशी शाळा सोडून भाड्याच्या खोलीत राहतो. नवे शेजारी येतात, समुद्रातले प्राणी येतात, मेलन हा गझेल आणि बिबट्याचा संकरित खलनायक येतो. प्रत्येक कल्पना स्वतंत्रपणे चटकदार, एकत्र आल्यावर कोंबाकोंबी. दोष मुळातला आहे: मांगाच्या उत्तरार्धावरही हीच तक्रार होती, आणि ॲनिमेने ती सोडवायची हिंमत केली नाही.

बघायला बसण्याआधी काही व्यवहाराच्या गोष्टी. ही मुलांसाठी नाही. रक्त, नग्नता, शरीरसंबंध, अवयवांची विक्री हे सगळं आहे, आणि हारू कपडे उतरवते तो प्रसंग अगदी सुरुवातीच्या एपिसोडमध्येच येतो. पोस्टरवर लांडगा आणि ससा बघून घरातलं पोर लावू शकतं, म्हणून त्याच्या प्रोफाइलला वयाची मर्यादा घालून ठेवा. दिवाणखान्यात आजी-आजोबांसह बघायचा बेतही सोडलेला बरा.

आवाज जपानीच ठेवा. चिकाहिरो कोबायाशीने लेगोशी पुटपुटत, वाक्य अर्धवट गिळत बोलवलाय, आणि त्या पुटपुटण्यात अर्धं पात्र आहे. इंग्रजी डबमध्ये जोना स्कॉटचं काम चांगलं आहे, सबटायटल वाचायचा कंटाळा असेल तर तेही चालेल. मात्र त्यात हारू थोडी लहान मुलीसारखी वाटते आणि तिच्या दृश्यांचा तोल जातो. जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल निवडताना कर्णबधिरांसाठीचा ट्रॅक निवडला गेलाय का तेवढं तपासा, तो बहुधा डबच्या संवादांवरून बनवलेला असतो आणि ऐकू येणाऱ्याशी जुळत नाही.

एका बैठकीत बारा एपिसोड संपवू नका, जरी ते साडेचार तासांत बसत असले तरी. मालिका आठवड्याला एक या बेताने रचलेली आहे, सलग बघितलं की लेगोशीची स्वगतं तेच तेच दळण वाटू लागतात. तीन-तीनचे चार हप्ते सोयीचे पडतात. पहिला सीझन जिथे थांबतो तिथे प्रेमकथेला ठीक विसावा आहे, टेमच्या खुनाची चुटपुट सहन होत असेल तर तिथेच थांबायला हरकत नाही. दुसरा सीझन बघून पुढे मांगाच वाचायची असेल, तर सुरुवातीचे खंड विकत घेण्याची गरज नाही. पहिल्या 24 एपिसोडमध्ये साधारण अर्धी कथा येते, त्यामुळे अकराव्या-बाराव्या खंडापासून धरता येते. खंड इंग्रजीत मिळतात. इतागाकींची रेघ ओबडधोबड, घाईची आणि जिवंत आहे, ऑरेंजच्या गुळगुळीत मॉडेलांना न साधलेलं ओरबाडणं तिच्यात आहे.