पळस्पे ते करळ: दुरुस्ती अव्वल, टोचन कच्चं

जेएनपीटी बंदराकडे जाणाऱ्या महामार्गावर (पूर्वीचा 4बी, आताचा 348) पळस्पे फाट्यापासून गव्हाण फाटा, जासई, करळपर्यंत ट्रेलर कुठेही बंद पडला तरी मिस्त्री मिळतो. कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या आसपास कमानीवाले (पाट्यांच्या स्प्रिंगचं काम करणारे), वायरमन, रेडिएटरवाले, लेथवाले, टायरवाले असे सगळे हाकेच्या अंतरावर आहेत, आणि रात्री-अपरात्री मोटरसायकलला हत्यारांची पिशवी बांधून माणूस गाडीपाशी येतो. या सेवेचा हा सगळ्यात मोठा गुण. मात्र गाडी दुरुस्त करणं वेगळं आणि ती उचलून नेणं वेगळं. दुसऱ्या कामात हा पट्टा अजून कच्चा आहे, आणि मालकाचं मोठं नुकसान तिथेच होतं.

आधी चांगलं ते सांगतो. कमानीच्या कामात कळंबोलीच्या मिस्त्र्यांना तोड नाही. कमानीचा पाटा, म्हणजे स्प्रिंगची एक पट्टी, बहुतेक वेळा सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतो, आणि त्याचं मूळ ढिल्या यू-बोल्टमध्ये (कमान आवळून धरणारा बोल्ट) असतं. यू-बोल्ट सैल झाला की सगळा ताण त्या भोकावर येतो. चांगला कमानीवाला नुसता तुटलेला पाटा बदलत नाही. तो यू-बोल्ट नवे टाकतो, कारण एकदा ताणलेल्या बोल्टचे आटे पुन्हा तेवढी पकड देत नाहीत. दुसऱ्या बाजूच्या कमानीचा बाकही तो मोजून जुळवतो. लोड घेऊन 100 किमी चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. हे मिस्त्रीने आपणहून सांगितलं तर त्याचा नंबर जपून ठेवा.

हवेच्या लाइनचं कामही इथे झटपट होतं. नायलॉन पाइप चिरला असेल तर पितळी जॉइंटर टाकून अर्ध्या तासात गाडी निघते. रबरी ट्यूबची पट्टी आणि तार गुंडाळून देणारेही आहेत. ती पट्टी 8 बारच्या दाबाला टिकत नाही, आणि सुटते ती नेमकी उतारावर. स्प्रिंग ब्रेकच्या (हवा गेली की स्प्रिंगच्या जोराने लागणारा ब्रेक) चेंबरचा डायफ्रॅम बदलताना मात्र मिस्त्रीजवळ उभं राहून पाहा. आधी मागचा रिलीज बोल्ट फिरवून आतली स्प्रिंग बांधून घ्यायची, मग पुढच्या बाजूचा क्लॅम्प खोलायचा. ती स्प्रिंग जवळपास टनभर जोराने दाबलेली असते. न बांधता खोलली तर माणूस जागीच जातो. मागच्या स्प्रिंगच्या कप्प्याचा क्लॅम्प तर रस्त्यावर कधीच खोलू देऊ नका, तो भाग अख्खा बदलायचा असतो.

टायरवाले वेगवान आहेत, पण दोन ठिकाणी घाई करतात. रिंगवाल्या डिस्कमध्ये लॉक रिंग (टायर डिस्कवर धरून ठेवणारी कडी) नीट बसली आहे की नाही हे न पाहता, पिंजरा किंवा साखळी न लावता हवा भरतात. रिंग उडाली तर समोरचा वाचत नाही. दुसरं म्हणजे न्यूमॅटिक गनने नट कडकडवून मोकळे होतात. 10 बोल्टच्या चाकाला साधारण 600 न्यूटन-मीटरचा कस लागतो. तो टॉर्क रेंचने एकाआड एक, समोरासमोरचे नट घेत द्यायचा आणि 50 ते 100 किमीवर पुन्हा तपासायचा. गनने जास्त आवळला तर बोल्ट ताणतो, कमी आवळला तर चाक डुलतं आणि भोकं अंडाकृती होतात.

बीएस-6 गाड्यांच्या बाबतीत फाट्यावरच्या मिस्त्रीवर विसंबू नका. एप्रिल 2020 नंतरच्या गाडीला स्कॅनरशिवाय हात लावण्यात अर्थ नाही. डॅशवर युरियाचा दिवा लागला, गाडीने ताकद कमी केली, की कारण बहुधा भेसळीचं डीईएफ (धूर स्वच्छ करण्यासाठी लागणारं युरियाचं द्रावण) असतं नाहीतर नोझलवर जमलेले पांढरे खडे. त्या द्रावणात युरियाचं प्रमाण 32.5 टक्केच हवं, साध्या पाण्यात खताचा युरिया ढवळून चालत नाही. नुसता कोड पुसून देणाऱ्याकडे पैसे घालवू नका, दिवा पुन्हा लागतो. सेन्सर 'बंद करून देतो' म्हणणाऱ्याला तर सरळ नाही म्हणा. या कामासाठी गाडीच्या कंपनीची 24 तासांची हेल्पलाइन आणि तिची व्हॅन उशिरा आली तरी स्वस्त पडते.

याच संदर्भात वेल्डिंगचं सांगायला हवं. चेसिसचा क्रॉस मेंबर तडकला की तो रस्त्यावरच शिवून देणारे कारागीर इथे आहेत आणि त्यांचा हात सफाईचा आहे. फक्त जुन्या गाड्यांची सवय अंगात मुरलेली आहे. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही केबल आणि ईसीयूचे (इंजिन चालवणारा संगणक) प्लग काढून ठेवायचे, अर्थचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावायचा. हे केलं नाही तर करंट बेअरिंगमधून आणि वायरिंगमधून वाट काढतो. दीड तासाच्या कामापायी ईसीयू गेला की गाडी आठवडाभर उभी.

आता टोचन, म्हणजे बंद गाडी ओढून नेणं. फोन केला की बहुतेक वेळा हायड्रा (चाकांवरची छोटी क्रेन) येते, कारण ती जवळपास असते. हायड्रा उचलून ठेवायला बनलेली आहे, लोड गाडी ओढत नेण्यासाठी नाही. तिच्यावर लिहिलेले 14 टन हे बूम आखूड आणि वजन अगदी जवळ असतानाचे. बूम लांबवला की क्षमता झपाट्याने घसरते. त्यात बंपरला किंवा स्टेअरिंगच्या रॉडला पट्टा घालून घोडा (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) उचलला की टाय रॉड वाकतो, रेडिएटरचा फॅन त्याच्या कव्हरला घासतो, आणि मूळ बिघाडापेक्षा हे बिल मोठं होतं. मागवायची ती अंडरलिफ्टची रिकव्हरी व्हॅन, जिचे फोर्क पुढच्या अ‍ॅक्सलखाली जातात.

ती आली तरी तीन कामं झाल्याशिवाय गाडी हलू देऊ नका. पहिलं, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) मागच्या फ्लॅंजपाशी सोडून चेसिसला तारेने घट्ट बांधायचा, किंवा दोन्ही बाजूचे अ‍ॅक्सल ओढून काढायचे. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा खालचा शाफ्ट फिरत नाही, म्हणून तेल वर उडत नाही, आणि मागची चाकं मात्र मुख्य शाफ्ट कोरडाच फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये ओढली म्हणून काही होत नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे. अ‍ॅक्सल काढले तर हबच्या तोंडावर पत्रा किंवा जाड पुठ्ठा बसवायला सांगा, नाहीतर तेल गळतं आणि धूळ थेट बेअरिंगमध्ये जाते. दुसरं, व्हॅनमधून हवेची लाइन जोडायची. टाकीत 5-6 बार दाब आल्याशिवाय स्प्रिंग ब्रेक सुटत नाहीत. ते नुसते बोल्टने सोडवून ट्रेलर ओढला, तर मागच्या सगळ्या वजनाला ब्रेकच उरत नाही. सपाट रस्त्यावर निभावलं तरी मुंब्रा बायपासच्या उतारावर शीळफाट्याकडे येताना हाच प्रकार जीव घेतो. तिसरं, ट्रेलरच्या मागे दिवे जोडायचे.

लोड ट्रेलरच्या बाबतीत मात्र आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: बिघाड घोड्यात आहे की ट्रेलरमध्ये? घोड्यात असेल तर 55 टनांचा सगळा डोलारा ओढत नेण्यापेक्षा दुसरा घोडा मागवा. लँडिंग लेगखाली (ट्रेलरचे टेकूचे पाय) जाड फळ्या ठेवायच्या, पावसात साइडपट्टीच्या चिखलात पाय रुततो. चाकांना ओट, म्हणजे अडवणीचे ठोकळे, लावायचे, हवेच्या लाइन काढायच्या, मग किंगपिन (ट्रेलर घोड्याला जोडणारी पिन) सोडायची. नव्या घोड्याचं फिफ्थ व्हील (किंगपिन अडकते ती बैठक) त्याच मापाच्या किंगपिनचं आहे ना, हे फोनवरच विचारून घ्यायचं. जेएनपीटीच्या वाटेवर रिकामे घोडे मिळतात. निर्यातीचा कंटेनर गेट बंद व्हायच्या आत पोचवायचा असेल तर हाच सर्वांत जलद मार्ग आहे, आणि सीललाही हात लागत नाही.

ट्रेलरचं हब तापून धूर आला असेल तर त्यावर पाणी मारू नका, ड्रम तडकतो. तीन अ‍ॅक्सलच्या रिकाम्या ट्रेलरला जळालेला अ‍ॅक्सल साखळीने वर बांधून सावकाश गॅरेजला नेता येतो. लोड असताना हे करू नका, उरलेल्या दोन अ‍ॅक्सलवर जादा भार येतो.

कंटेनर दुसऱ्या गाडीवर घ्यायची वेळ आली तर भरलेल्या 20 फुटी डब्याचं वजन 30 टनांपर्यंत असू शकतं, हे लक्षात ठेवा. एका हायड्राचं ते काम नाही. उचल कोपऱ्यांच्या कास्टिंगमधूनच हवी, मधोमध पट्टा घातला तर डब्याचा तळ वाकतो. गाडी बदलली की ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये नवा नंबर टाकायचा. मुदत संपत असेल तर ती संपण्याआधीच्या 8 तासांत किंवा संपल्यानंतरच्या 8 तासांत वाढवता येते.

दराबद्दल या पट्ट्याची तक्रार जुनी आहे आणि ती रास्त आहे. फोनवर एक आकडा, जागेवर दुसरा. उपाय एवढाच की गाडी हलायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर चार आकडे वेगवेगळे लिहून घ्यायचे: येण्याचे, प्रति किमी ओढण्याचे, थांबण्याचे ताशी, आणि शाफ्ट किंवा अ‍ॅक्सल काढ-घाल करण्याचे. हायड्राला किमान किती तासांचं भाडं धरतात तेही विचारा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर आधी महामार्गाची हेल्पलाइन 1033 लावा. त्यांची क्रेन गाडी रस्त्यातून बाजूला घेते, तेवढ्यात दुसरा घोडा ठरवायला वेळ मिळतो.

आणि मिस्त्री येईपर्यंत त्रिकोण गाडीच्या मागे किमान 50 मीटरवर ठेवा. शेपटीला चिकटवून ठेवलेला त्रिकोण मागून भरधाव येणाऱ्या ट्रेलरला दिसतो तेव्हा ब्रेक मारायला जागा उरलेली नसते.